सरडा कुठे बसला होता?

ॲनोल सरड्यांच्या कामावर नव्यानं आलेल्या माणसाच्या हाती पहिल्याच दिवशी एक तक्ता येतो. त्यातल्या पहिल्या रकान्यांत सरड्याच्या अंगाबद्दल काहीच विचारलेलं नसतं. तो जमिनीपासून किती सेंटिमीटरवर होता, ज्या बुंध्यावर किंवा फांदीवर होता तिची जाडी किती, ऊन होतं, सावली होती की पानांतून झिरपणारे कवडसे होते, डोकं वर होतं की खाली, हे सगळं आधी लिहायचं. नर की मादी, लांबी, वजन, शेपूट मूळची की तुटून नव्यानं आलेली, ही माहिती त्यानंतर. शिवाय एक कडक अट असते. माणसाची चाहूल लागण्याआधी सरडा जिथे होता तीच जागा लिहायची; बुजून पळाल्यावर जिथे सापडला ती जागा बाद.

साताऱ्याकडची एक मुलगी प्राणिशास्त्राचं शिक्षण संपवून पोर्तो रिकोतल्या एका संशोधनगटात मदतनीस म्हणून रुजू झाली, तेव्हा तिला या तक्त्याचा कंटाळा आला होता. साताऱ्याच्या पठारांवर निळा-काळा-केशरी गळा फुलवणारे सरडे तिनं लहानपणापासून पाहिले होते. तसाच गळ्याखालचा पंखा मिरवणारं, पण आपल्या सरड्यांशी जवळचं नातं नसलेलं एक भलंमोठं कुळ अटलांटिकपलीकडे आहे, हे वाचून ती या वाटेला लागली. तिला ते पंखे पाहायचे होते, त्यांचे रंग आणि त्यामागची नरांची भांडणं समजून घ्यायची होती. प्रत्यक्षात तिच्या हातात मोजपट्टी आली. आज इतक्या वर्षांनी ती ठामपणे सांगते, की सरड्यांबद्दल जे काही कळलं ते त्या मोजपट्टीमुळे.

ॲनोलांच्या ४००हून अधिक जाती आहेत. अमेरिकेच्या आग्नेय भागापासून मेक्सिको, मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटं आणि पुढे दक्षिण अमेरिकेपर्यंत त्यांचा मूळ मुलूख. कोस्टा रिकातल्या ओढ्याकाठी राहणारा एक ॲनोल धोका दिसला की पाण्यात बुडी मारतो आणि नाकपुड्यांशी हवेचा बुडबुडा धरून, तीच हवा पुन्हा पुन्हा वापरत, पंधरा मिनिटांहून जास्त वेळ खाली राहू शकतो. इक्वेडोरच्या ढगाळ जंगलात अशी एक जात आहे की तिच्या नराच्या नाकावर लवचीक शिंग असतं. पण या कुळाची सगळ्यात नवलाची गोष्ट घडली ती क्यूबा, हिस्पॅनिओला, जमैका आणि पोर्तो रिको या चार मोठ्या बेटांवर.

या बेटांवर झाडाच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या ठेवणीचे ॲनोल राहतात. बुंध्याच्या तळाशी राहणारे दणकट, लांब पायांचे. खाली डोकं करून जमिनीवरच्या किड्यावर नजर ठेवतात आणि दिसला की झेप घेतात. बुंध्याच्या वरच्या भागात आणि पानांत राहणारे बहुधा हिरवे, पायांच्या बोटांना रुंद गाद्या असलेले. शेंड्यावरचे आकारानं मोठे. बारीक डहाळ्यांवरचे आखूड पायांचे, पावलं जपून टाकणारे. गवत-झुडपांतले सडपातळ, अंगापेक्षा कितीतरी लांब शेपटीचे. आणि फक्त बुंध्यावर राहणारे, चपट्या अंगाचे. हार्वर्डचे अर्नेस्ट विल्यम्स यांनी १९७२मध्ये या प्रकारांना एक शास्त्रीय नाव दिलं आणि मांडणी पक्की केली. क्यूबा आणि हिस्पॅनिओलावर सहाही प्रकार आहेत, पोर्तो रिकोत पाच, जमैकात चार.

एका बेटावरचा डहाळीवाला दुसऱ्या बेटावरच्या डहाळीवाल्याचा जवळचा नातलग असेल, असं कुणालाही वाटेल. जोनाथन लोसॉस आणि सहकाऱ्यांनी १९९८मध्ये डीएनएची तुलना केली तेव्हा बहुतेक ठिकाणी उलटंच दिसलं. एका बेटावरचे वेगवेगळ्या ठेवणीचे ॲनोल सहसा एकमेकांचे भाऊबंद निघाले, आणि समुद्रापलीकडच्या आपल्यासारख्याच दिसणाऱ्याशी त्यांचं नातं दूरचं. म्हणजे चारही बेटांवर बुंधा, डहाळी आणि शेंडा यांनी आपापल्या भाडेकरूंची अंगं स्वतंत्रपणे, पण एकाच वळणाची घडवली. हे वाचल्यानंतर तिला तक्त्यातले पहिले रकाने पहिले का आहेत ते उमगलं.

तरी वाचणं वेगळं आणि दिसणं वेगळं. ते दिसलं पोर्तो रिकोतल्या एल युंकेच्या पावसाळी जंगलात. तिथल्या ज्येष्ठ सहकाऱ्यानं तिला एका झाडासमोर उभं केलं आणि सांगितलं, हलू नकोस, बोलू नकोस, जे दिसेल ते लिही. सुरुवातीला काहीच दिसेना. मग छातीच्या उंचीवर, शेवाळलेल्या सालीवर एक डोळा दिसला. निळा. बाकी सरडा सालीच्या रंगाचा होता. तो गुंडलाकी, दाट सावलीतला. थोड्या वेळानं त्याच्या वर हिरवागार एव्हरमानी उतरत आला, आणि अगदी वर, मान दुखेपर्यंत पाहिल्यावर, ठिपकेवाला छोटा स्ट्रॅट्युलस फांदीच्या कडेनं सरकताना दिसला.

हा स्ट्रॅट्युलस तिच्या फार कामी आला. जमिनीवर उभं राहून मोजलं तर तो तुरळक वाटतो. डग्लस रेगन यांनी याच जंगलात, एल व्हर्देच्या संशोधन केंद्राजवळ, मनोरे उभारून झाडांच्या माथ्यापर्यंत सरडे मोजले, तेव्हा त्याची संख्या हेक्टरी २०,०००हून अधिक भरली. भूचर पृष्ठवंशी प्राण्यांत इतकी दाटी फार क्वचित आढळते, आणि ती तिथे आधीपासूनच होती. तेव्हापासून ‘इथे हा सरडा कमी आहे’ असं वाक्य लिहिण्याआधी, पाहणारा कुठे उभा होता हे ती विचारते.

पकडण्याची रीत साधी आहे. मासेमारीची लांब काठी, तिच्या टोकाला मेण लावलेल्या धाग्याचा सरकता फास. काठी हळूहळू पुढे न्यायची. ॲनोल माणसाला बिचकतो, धाग्याला बहुधा बिचकत नाही. काही तर फासाकडे किडा समजून पाहत राहतात. फास मानेत बसला की हलका झटका. सरडा हातात आला की त्याच्या काळजाचे ठोके बोटांना जाणवतात. वजन इतकं कमी, की धरताना दाब किती द्यायचा हे शिकायलाच दिवस जातात. भिंगाखाली त्याचं पाऊल धरलं की बोटाच्या मधोमध रुंद गादी दिसते, आणि तिच्यावर साडीच्या निऱ्यांसारख्या एकाला एक लागून आडव्या पट्ट्या. प्रत्येक पट्टीवर डोळ्यांना न दिसणारे असंख्य सूक्ष्म केस असतात. गुळगुळीत पानाला किंवा काचेला तेच धरून ठेवतात. पालींनाही असंच साधन मिळालं आहे, पण ते ॲनोलांपासून अगदी स्वतंत्रपणे. या पट्ट्या मोजणं हे तिचं पुढे कित्येक संध्याकाळचं काम झालं.

रात्रीचं काम तिला जास्त आवडू लागलं. दिवसा नजर चुकवणारे ॲनोल रात्री पानांच्या आणि डहाळ्यांच्या अगदी टोकाला झोपतात. साप किंवा दुसरा कुणी शिकारी डहाळीवरून येऊ लागला तर ती हलते आणि सरड्याला जाग येते. डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात झोपलेलं अंग फिकट, जवळजवळ पांढरं चमकतं. ऑक्युल्टस नावाचा पोर्तो रिकोचा इवलासा डहाळीवाला तिला असाच भेटला. करड्या, दगडफुलाच्या रंगाचा, वाळक्या काडीवर काडी होऊन पडलेला. माणसांच्या इतक्या जवळ राहूनही त्याचं शास्त्रीय वर्णन व्हायला १९६५ साल उजाडलं. दिवसा शेकडो लोक त्याच्याखालून गेले असतील.

या सगळ्यात कष्ट होते आणि ते सांगायला ती कचरत नाही. मदतनिसाचा मोबदला तुटपुंजा आणि कराराच्या मुदतीपुरता. पुढचा करार होईपर्यंत व्हिसाची टांगती तलवार. पावसात भिजलेले बूट, बुरशी धरलेल्या वह्या, गणपतीत आणि दिवाळीत घरी नुसता फोन. ‘सरडे मोजतेस म्हणजे नक्की काय करतेस?’ हा प्रश्न गावाकडून येई, तसाच पोर्तो रिकोतल्या शेजारणीकडूनही येई. शेजारणीला तिनं एकदा अंगणातल्या भिंतीवरचा क्रिस्टाटेलस दाखवला. हा तिथला सगळ्यात ओळखीचा ॲनोल, उघड्यावर ऊन खाणारा, परसात, कुंपणावर, दिव्याच्या खांबावर सर्रास दिसणारा. शेजारीण म्हणाली, हा तर आमचा रोजचाच. पण क्रिस्टिन विंचेल यांनी २०१६मध्ये दाखवून दिलं होतं, की पोर्तो रिकोच्या शहरांतल्या या रोजच्या सरड्यांचे पाय जंगलातल्या त्याच जातीपेक्षा लांब आहेत आणि बोटांखालच्या पट्ट्या जास्त आहेत. गुळगुळीत रंगवलेली भिंत आणि दोन आधारांमधलं मोकळं अंतर यांचा तो परिणाम. शेजारीण त्यानंतर भिंतीवरच्या सरड्यांच्या बातम्या स्वतःहून आणू लागली.

क्रिस्टाटेलस आणि गुंडलाकी यांनी तिला आणखी एक गोष्ट शिकवली. दोघे बुंध्याच्या तळाशीच बसतात. उंची आणि जाडीचे आकडे लिहिले तर एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. फरक आहे तो उन्हात. जंगलाच्या कडेला, जिथे झाडोरा विरळ होतो, तिथे क्रिस्टाटेलस. दहा-वीस पावलं आत, जिथे ऊन पोचत नाही, तिथे गुंडलाकी. त्याला थंडावा मानवतो आणि तापलेली जागा झेपत नाही. तांब्याचे पोकळ सरडे करून, आत तापमापक घालून ते बुंध्यांवर ठेवतात आणि सरड्याच्या अंगाला तिथे किती ताप जाणवेल हे पाहतात. ते आकडे वाचायला लागल्यापासून एक झाड म्हणजे तिला अनेक हवामानं दिसू लागली.

२० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया चक्रीवादळ पोर्तो रिकोवर आदळलं. एल युंकेची पानं गेली, माथे मोडले, वर्षानुवर्षं सावलीत असलेली जमीन उन्हात आली. बेटाच्या काही भागांत वीज परत यायला जवळजवळ वर्ष लागलं. पहिले कित्येक दिवस सरड्यांचा विषयच नव्हता. रस्त्यावरच्या फांद्या ओढणं, पाणी भरणं, शेजारणीच्या घराचं छप्पर झाकणं, हेच काम. माणसांवर असा प्रसंग आलेला असताना आपण जंगलात जाऊन सरडे मोजायचे का, हा प्रश्न तिला छळत होता. त्याच शेजारणीनं तिला विचारलं, की तुझ्या त्या निळ्या डोळ्यांच्या सरड्यांचं काय झालं, कुणी पाहून आलं का?

ती गेली तेव्हा तिला ठिपकेवाले स्ट्रॅट्युलस कमरेच्या उंचीवर, मोडून पडलेल्या फांद्यांच्या ढिगात दिसले. माथाच खाली आला होता आणि त्याच्यासोबत तेही. जुने कागद काढले तेव्हा कळलं, की १९८९च्या ह्युगो वादळानंतर रेगन यांनी नेमकं हेच नोंदवून ठेवलं होतं. ही तिच्या कामातली वळणाची जागा ठरली. कुणीतरी अठ्ठावीस वर्षांपूर्वी चिखलात उभं राहून उंची लिहून ठेवली नसती, तर आज दिसतं ते नवं की जुनं, हे सांगायला कुणाकडे काहीच नसतं. आपल्या वहीतले आकडे कधीतरी कुणाला असेच लागतील, या विचारानं ती त्यानंतर अक्षरही नीट काढू लागली.

त्याच मोसमात टर्क्स आणि कैकोस बेटांवर आणखी एक गट योगायोगानं नेमक्या वेळी तिथे होता. कॉलिन डोनिह्यू आणि सहकाऱ्यांनी स्क्रिप्टस जातीचे ॲनोल मोजले आणि काही दिवसांत इर्मा वादळ आलं, पाठोपाठ मारिया. ते परत गेले आणि वाचलेले सरडे मोजले. वाचलेल्यांच्या बोटांच्या गाद्या सरासरीनं मोठ्या होत्या, पुढचे पाय लांब, मागच्या मांड्या आखूड. पानं उडवायच्या यंत्राचा वारा सोडून पाहिलं तेव्हा कारणही दिसलं: सरडा काठीच्या आडोशाच्या बाजूला जातो, पुढच्या पायांनी घट्ट धरतो, आणि मागचे पाय सुटून वाऱ्यात फडफडू लागतात. मागचा पाय जितका लांब तितका वारा जास्त भरतो. २०२०मध्ये त्यांनीच १८८ जातींची तुलना केली; मागच्या सत्तर वर्षांत जिथे वादळं जास्त झाली, तिथल्या ॲनोलांच्या गाद्या मोठ्या निघाल्या.

पुढे तिला फ्लोरिडात काम मिळालं. तिथे वयस्कर माणसं हमखास एक तक्रार करत: आमच्या लहानपणी अंगणात हिरवे सरडे होते, आता सगळे तपकिरीच. हिरवा कॅरोलायनेन्सिस हा अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचा एकमेव मूळचा ॲनोल. २०११मध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांपैकी सर्वांत आधी याचाच संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. तपकिरी सॅग्रेई क्यूबा आणि बहामाचा. तो फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या बेटांवर एकोणिसाव्या शतकातच पोचला आणि विसाव्या शतकात रोपवाटिकांच्या कुंड्यांतून, मालाच्या गाड्यांतून सगळीकडे पसरला. एका निवृत्त गृहस्थांच्या अंगणात तिनं त्यांना ओकच्या झाडाखाली उभं केलं आणि दुर्बीण दिली. बराच वेळ गेला. मग त्यांना एक गुलाबी पंखा उघडमीट करताना दिसला, घराच्या छपराच्याही वर. हिरवा होता, वर गेला होता.

योएल स्टुअर्ट आणि सहकाऱ्यांचा २०१४चा अभ्यास तिच्यासाठी या दृश्याचा खुलासा होता. फ्लोरिडाच्या मॉस्किटो लगूनमधल्या काही छोट्या बेटांवर १९९५मध्ये तपकिरी ॲनोल मुद्दाम सोडले गेले होते. हिरवे काही महिन्यांतच वर सरकले. पंधरा वर्षांनी, म्हणजे सरड्यांच्या सुमारे वीस पिढ्यांनी, त्यांच्या गाद्या मोठ्या आणि पट्ट्या जास्त झालेल्या आढळल्या, कारण वरच्या डहाळ्या बारीक आणि निसरड्या. अंडी प्रयोगशाळेत उबवून वाढवलेल्या पिल्लांतही तो फरक टिकून होता. बदल एका जन्मातल्या सवयीचा नव्हता, रक्तात उतरलेला होता.

हाच हिरवा, फ्लोरिडात ज्याच्याबद्दल लोक हळहळतात, तो जपानच्या ओगासावारा बेटांवर संकट ठरला आहे. १९६०च्या दशकात तो चिचिजिमावर पोचला, नंतर हाहाजिमावर. तिथल्या किड्यांनी असा शिकारी कधी पाहिलाच नव्हता. फक्त त्याच बेटांवर आढळणाऱ्या मधमाश्या, फुलपाखरं आणि चतुर त्यानं संपवत आणले. तिथे आता झाडांना चिकट सापळे लावून त्याला मारतात. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला वाईट वाटलं. त्या सरड्याची बाजू घ्यायची की किड्यांची, यावर ती अजूनही चटकन उत्तर देत नाही. चिकट सापळ्यातलं मरण वाईट असतं, आणि एखादा चतुर जगातून कायमचा जाणंही वाईट. दोन्ही खरं आहे, असं ती म्हणते.

मधल्या काळात ती घरी आली की चाळकेवाडीच्या पठारावर जाते. तिथे ॲनोल नाहीत. भारतात एकही जात मूळची नाही. तिथे आहे सराडा सुपर्बा, २०१६मध्ये शास्त्रानं वेगळी जात म्हणून ओळखलेला. नर उन्हाळ्यात दगडावर उभा राहून गळा फुलवतो. त्या पठारावर पवनचक्क्या आहेत. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी २०१८मध्ये दाखवलं, की पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी आहेत आणि त्यामुळे सरडे जास्त; ते माणसाला लवकर घाबरत नाहीत, त्यांच्या अंगात ताणाची संप्रेरकं कमी आहेत, आणि दाटी झाल्यामुळे अंगानं ते खंगलेले आहेत. तिच्याबरोबर येणाऱ्या महाविद्यालयातल्या पोरांना ती आधी सरडा पकडू देत नाही. दगडाची उंची, रुंदी, जवळच्या झुडपाचं अंतर, सगळं लिहून झालं की मग. पोरं कुरकुरतात. पण जांभ्याचे सडे खाणींसाठी आणि बांधकामांसाठी झपाट्यानं तोडले जात असताना, आज इथे कुठल्या दगडावर काय होतं हे लिहून ठेवणारं कुणी हवं, यावर ती अडून बसते.

सध्या तिचं लक्ष मायामीवर आहे. पोर्तो रिकोचा क्रिस्टाटेलस आणि क्यूबाचा सॅग्रेई, दोघेही बुंध्याच्या तळाचे, आपापल्या बेटांवर एकमेकांना कधीच न भेटलेले, माणसांच्या मालवाहतुकीमुळे तिथल्या बागांत समोरासमोर आले आहेत. जेम्स स्ट्राउड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं आहे, की दोघे एकत्र आले की क्रिस्टाटेलस बुंध्यावर वर सरकतो, सॅग्रेई जमिनीवर जास्त वेळ काढू लागतो आणि त्याचे पाय लांब होत जातात. लोक तिला विचारतात, शेवटी कोण जिंकणार? ती त्यांना एखाद्या अंजिराच्या झाडापाशी नेते आणि दोघांच्या उंचीतलं अंतर दाखवते. जिथे क्रिस्टाटेलस अजून पोचलेला नाही अशा बागाही तिनं हेरून ठेवल्या आहेत. तो तिथे येण्याआधी सॅग्रेईची तिथली उंची मोजून ठेवण्याचं काम येत्या मोसमात सुरू होईल.